याची टोपी त्याच्या डोक्यावर
(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



काल याच मांडवात ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झालं. उद्याचं म्युच्युअल फंडांवर आहे. मधला दिवस गुंडांना दिल्याबद्दल मी संयोजकांचा आभारी आहे. फोनवर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, ‘त्या सिनेमात शिव्या वगैरे नाहीत ना?’ आहेत. पण त्या मी सांगणार नाही, तेव्हा पुढच्या रांगेतल्या काकांनी निश्चिंत बसावं.

सिनेमाचं नाव ‘मिलर्स क्रॉसिंग’. साल १९९०. दिग्दर्शक जोएल कोएन, निर्माता त्याचा भाऊ ईथन कोएन, लेखन दोघांचं. या भावांच्या बाबतीत श्रेयनामावलीतल्या त्या वाटण्या फारशा मनावर घ्यायच्या नसतात, त्या काळात सगळं दोघं मिळूनच करायचे. काळ अमेरिकेतल्या दारूबंदीचा. गाव कुठलं ते सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही.

हा सिनेमा मला भेटला तोच उलटा. व्हीसीडीच्या तबकड्यांचे दिवस आठवतात ना? एक सिनेमा म्हणजे दोन तबकड्या, एक संपली की कुणीतरी उठून दुसरी घालायची. आम्ही पाचसहा मित्र एकाच्या गच्चीवरच्या खोलीत जमलो होतो. वीज जाऊन आली, घाईघाईत तबकडी लावली आणि सिनेमा सुरू झाला. पडद्यावर उंच, सरळसोट झाडांचं रान. ओव्हरकोट आणि हॅट घातलेली शहरी माणसं. त्यांतला एक दुसऱ्याला पिस्तुलाच्या धाकात झाडांमधून पुढे चालवत नेतोय. पुढचा माणूस रडतोय, गयावया करतोय, शेवटी गुडघ्यांवर येतो. मागचा नुसता उभा. त्याचा चेहरा हॅटच्या कडेखाली बंद.

आम्ही शेवटपर्यंत दुसरी तबकडी पाहत होतो आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. एकाला शंका आली होती, पण त्याला वाटलं हे आर्ट फिल्मचं काहीतरी असेल. ही चूक कळल्यावर आम्ही पहिली तबकडी लावली की नाही, ते मी शेवटी सांगेन. आत्ता एवढंच सांगतो, की गोष्टीचा गंध नसताना, कोण कुणाला आणि का मारतोय हे माहीत नसताना, त्या झाडीत माझ्या पोटात गोळा आला होता. तो कशानं आला, याचा शोध मी तेव्हापासून घेतोय. गोष्टीनं आला नव्हता हे नक्की, कारण गोष्ट माझ्यापाशी नव्हतीच. तेव्हा आजचं व्याख्यान त्या गोळ्याबद्दल आहे.

आधी दारूबंदी उरकून टाकू. अमेरिकेनं राज्यघटनेत अठरावी दुरुस्ती केली आणि १७ जानेवारी १९२० पासून दारू बनवणं, विकणं आणि वाहून नेणं यांवर देशभर बंदी आली. पिण्यावर बंदी नव्हती, ही त्यातली मेख. घरात आधीची बाटली असेल तर खुशाल प्या. डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळायची. ५ डिसेंबर १९३३ ला एकविसाव्या दुरुस्तीनं ही बंदी उठली. मधल्या तेरा-चौदा वर्षांत काय झालं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. मोरारजीभाईंच्या काळातली मुंबई ज्यांनी पाहिली किंवा ऐकली, त्यांना हातभट्टी, आंटीचा अड्डा आणि नाक्यावरचा हवालदार हे तिघं एकाच ओळीत आठवतात. १९४९ चा आपला दारूबंदीचा कायदा अजून रद्द झालेला नाही. कायद्याच्या भाषेत आजही पिणाऱ्याला परवाना लागतो. इथे कुणापाशी तो आहे, हे मी विचारत नाही.

पण या सिनेमातली दारूबंदी पाहायला बसलात तर फसाल. दारूचे ट्रक नाहीत, नदीतून रात्री येणाऱ्या होड्या नाहीत, पिंप फोडणारे शूर अधिकारीही नाहीत. सगळे बिनदिक्कत पितात. शहराचा मेयर आणि पोलीसप्रमुख गुंडाच्या कचेरीत येऊन हुकूम घेतात. क्लबवर धाड पडते ती कायद्यासाठी नव्हे. गादीवर कोण बसलाय ते बदललं की धाडीची दिशा बदलते, इतकंच. काल ज्याच्या सांगण्यावरून पोलीस एकाचा अड्डा फोडत होते, आज त्याचाच फोडतात, तेच पोलीस, त्याच कुऱ्हाडी. दारूबंदीवरचं याहून नेमकं भाष्य मी पाहिलेलं नाही, आणि त्यावर पात्रांना भाषण करावं लागत नाही.

आता गोष्ट. या गोष्टीचा सारांश इंग्रजीत सांगायला दोन पानं लागतात. मराठीत चार शब्द पुरतात: याची टोपी त्याच्या डोक्यावर.

लिओ ओबॅनन हा आयरिश दादा शहराचा मालक. टॉम रेगन त्याचा सल्लागार, मित्र, मेंदू म्हणा. जॉनी कॅस्पर हा वर येऊ पाहणारा इटालियन दादा. त्याची एक तक्रार आहे, आणि ती ऐकून कोल्हापूरकरांना गुदगुल्या होतील. मुष्टियुद्धाची नुरा कुस्ती ठरवायची, पैसे चारायचे, आणि मग बर्नी बर्नबॉम नावाचा एक बुकी ही आतली खबर बाहेर विकतो, त्यामुळे भाव पडतो. कॅस्परला यात अनीती दिसते. ठरवून हरवलेल्या लढतीवरही माणसाला भरवसा ठेवता येत नसेल तर उरलं काय, असं तो पोटतिडकीनं विचारतो. त्याला बर्नीला मारायची परवानगी हवीय. लिओ नकार देतो, कारण बर्नी त्याला हप्ता देतो, आणि मुख्य म्हणजे बर्नीची बहीण व्हर्ना लिओची प्रेयसी आहे. टॉमला हा निर्णय चुकीचा वाटतो. टॉमचं व्हर्नाशी सूत आहे, आणि लिओला ते माहीत नाही.

इथून पुढे टोप्या फिरायला लागतात. टॉम लिओला खरं सांगून त्याच्या हातचा मार खातो, कॅस्परकडे जातो. निष्ठा सिद्ध करायला बर्नीला झाडीत नेऊन मारायचं काम त्याच्यावर येतं. तो गोळी झाडतो, पण बाजूला, आणि बर्नीला गाव सोडून जायला सांगतो. बर्नी जात नाही. उलट परत येऊन टॉमलाच धमकावतो. त्यातून टॉम एकाचा संशय दुसऱ्यावर, दुसऱ्याचा तिसऱ्यावर असा फिरवत नेतो, की शेवटी लिओचे सगळे शत्रू एकमेकांच्या हातून किंवा टॉमच्या हातून संपतात आणि लिओ पुन्हा गादीवर बसतो. हे सगळं टॉमनं आधीच ठरवलं होतं की वाट काढत काढत झालं? तीन वेळा पाहूनही मला छातीठोकपणे सांगता येत नाही. तुमच्यापैकी ज्यांना सुडोकू आवडतं त्यांनी शोधावं.

या जाळ्याचं मूळ डॅशिएल हॅमेटमध्ये आहे. हॅमेट आधी पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीत नोकरीला होता, मग लेखक झाला. दोन टोळ्यांना आपसांत झुंजवणारा माणूस त्याच्या १९२९ च्या ‘रेड हार्वेस्ट’मध्ये आहे, आणि राजकारणी दादाचा जिवलग सल्लागार, एकाच बाईवरून त्यांच्यात आलेलं वितुष्ट, हे १९३१ च्या ‘द ग्लास की’मध्ये. कोएन बंधूंनी ते लपवलेलं नाही. ‘द ग्लास की’मधल्या बुकीचंही नाव बर्नीच आहे. आणि गंमत अशी, की तिथे एका प्रेताजवळ त्याची हॅट सापडत नाही, यावरून सल्लागार साऱ्या तपासाची सूत्रं हलवतो, एक हॅट मिळवून बुकीच्या घरात लपवतो आणि त्याला अडकवतो. अक्षरशः टोपी घालतो. साठ वर्षांनी या दोन भावांनी ती हॅट उचलली आणि तिच्याभोवती अख्खा सिनेमा उभा केला.

‘टोपी’ या शब्दाशी आपण मराठी माणसं किती खेळलोय पाहा. टोपी घालणं म्हणजे फसवणं. टोपी उडवणं म्हणजे खिल्ली. टोपी फिरवणं म्हणजे पक्ष बदलणं, आणि निवडणुकीच्या मोसमात हा वाक्प्रचार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पगडी पायांवर ठेवणं म्हणजे शरण जाणं. मुंबईत पगडी म्हणजे खोलीचे पैसे. डोक्यावरचं वस्त्र हे आपल्याकडे इज्जतीचं खातं आहे. कॅस्परचीही तक्रार त्याच खात्यावर आहे. त्याच्या तोंडी एक शब्दप्रयोग सारखा येतो, ‘हाय हॅट’. लिओ मला हाय हॅट देतो, म्हणजे मला खालच्या पायरीवर उभं करून वरून बघतो. कॅस्पर झालेला टकला, बुटका, घामेजलेला जॉन पोलिटो हे शब्द असे उच्चारतो की हसावं की घाबरावं कळत नाही. अमेरिकन गुंड आणि कोकणातला भाऊबंद यांच्या रागाचं मूळ एकच दिसतं.

आता सुरुवातीचा प्रसंग बघू. काळ्या पडद्यावर ग्लासात बर्फाचे खडे पडल्याचा आवाज. मग व्हिस्की. मग कॅस्पर, समोरून, आपलं नीतिशास्त्र सांगतोय. ‘गॉडफादर’ ज्यांनी पाहिलाय त्यांना लगेच आठवेल: तिथेही एक माणूस काळोख्या खोलीत दादापुढे न्याय मागत असतो. कोएन बंधू ती चौकट जशीच्या तशी उचलतात आणि न्यायाच्या जागी नुरा कुस्तीची फिर्याद ठेवतात. पण मजा मागे आहे. कॅस्पर बोलत असताना मागून एक माणूस हातात ग्लास घेऊन, अस्पष्ट, खोलीच्या कडेनं चालत येतो आणि लिओच्या मागे उभा राहतो. हा टॉम. नायकाचा प्रवेश अस्पष्ट, तोंडातून शब्द नाही, हातात दुसऱ्याची दारू. आपल्याकडे नायक असा आला तर पिटातून चप्पल येईल.

बॅरी सॉननफेल्डनं हा सिनेमा चित्रित केला. ‘ब्लड सिम्पल’ आणि ‘रेझिंग ॲरिझोना’ या कोएन बंधूंच्या आधीच्या दोन सिनेमांतही कॅमेरा त्याचाच होता, आणि तिथे तो कॅमेरा मांजरासारखा पळतो, उड्या मारतो. इथे तो कोट घालून बसलाय. खोल्या मोठ्या, छतं उंच, भिंती गडद, गालिचे हिरवट-तपकिरी. माणसं त्या खोल्यांमध्ये लहान दिसतात. चित्रीकरण लुइझियाना राज्यात, न्यू ऑर्लिन्स शहरात झालं. तिथे जुन्या इमारती तशाच उभ्या होत्या, आणि झाडीही त्याच भागातली. वेशभूषा रिचर्ड हॉर्नंगची, कलादिग्दर्शन डेनिस गॅसनरचं. ही नावं मुद्दाम घेतोय. आपल्याकडे सिनेमाची चर्चा नटापासून सुरू होऊन नटीपाशी संपते. कोट कुणी शिवला हे कुणी विचारत नाही. या सिनेमात कोटच बोलतो.

यावर आक्षेप आहे, आणि तो नवा नाही. हा सिनेमा आला तेव्हा अनेकांनी म्हटलं: देखणा आहे, पण थंड आहे, नुसती शैली, आत काळीज नाही. त्याच महिन्यात, सप्टेंबर १९९० मध्ये, अमेरिकेत स्कॉर्सेसीचा ‘गुडफेलाज’ लागला. तिथला नायक पहिल्या मिनिटापासून तुमच्या खांद्यावर हात टाकून स्वतःची गोष्ट सांगतो, मला लहानपणापासून काय वाटत होतं, काय चाखलं, काय गमावलं. त्याच्यापुढे आमचा टॉम म्हणजे बंद दुकान. वर्षअखेरीस ‘गॉडफादर’चा तिसरा भाग आला. या दोन पाटांच्या मध्ये ‘मिलर्स क्रॉसिंग’ दळला गेला आणि तिकीटबारीवर खर्चही निघाला नाही.

‘थंड’ हा शब्द मला मान्य आहे. ‘आत काळीज नाही’ हे मान्य नाही, आणि त्याचा पुरावा सिनेमानं स्वतःच ठेवलाय. काळीज आहे की नाही, हाच या सिनेमातला वाद आहे. झाडीतला बर्नी आठवा. जॉन टर्टुरो हा नट त्या प्रसंगात जे करतो ते मी मंचावरून करून दाखवू शकत नाही, माझी हाडं त्याला परवानगी देणार नाहीत. तो लोळतो, नाक गळतं, आवाज पोरासारखा होतो, आणि एकच विनवणी पुन्हा पुन्हा करतो, स्वतःच्या काळजात बघ. मोजायला गेलात तर कंटाळाल इतक्या वेळा. प्रत्येक वेळी आधीपेक्षा लाजिरवाणी. टॉमचा चेहरा हलत नाही. मग तो गोळी बाजूला झाडतो. म्हणजे त्यानं बघितलं. कुठेतरी आत बघितलं आणि काहीतरी सापडलं.

पुढे त्याचे परिणाम तो भोगतो. काळीज दाखवलं की या गावात त्याचं भांडवल होतं. बर्नी त्याच दयेवर त्याला ओलीस धरतो. शेवटाकडे, टॉमच्याच घराच्या जिन्यात, पुन्हा दोघं समोरासमोर येतात. पुन्हा तीच विनवणी, तेच शब्द. पण या वेळी टॉम प्रतिप्रश्न करतो, कसलं काळीज, अशा अर्थाचा, दोन शब्दांत. आणि गोळी झाडतो. पहिल्यांदा पाहताना मला तो सूड वाटला होता. आता वाटतं, तो माणूस स्वतःच्या एका चुकीवर झाकण लावतोय. थंड माणूस ‘कसलं काळीज’ म्हणत बसत नाही; त्याला तो प्रश्न पडतच नाही.

म्हणून ही हॅट. टॉम सिनेमाभर मार खातो, हे तुमच्या लक्षात येईल. लिओ मारतो, व्हर्ना मारते, कॅस्परची माणसं मारतात, सावकाराची माणसं मारतात. त्या शेवटच्या माराची तर मौज आहे: जुगाराच्या थकबाकीसाठी पोरं येतात, सभ्यपणे ठोकतात, आणि टॉम जमिनीवरून निरोप देतो की मालकाला सांगा, मनात राग नाही. ते म्हणतात, त्यांना माहीत आहे. बँकेच्या वसुली विभागानं शिकावं असं. एकदाच टॉम उलट हात उचलतो. एक आडदांड गडी अंगातला कोट काढून त्याला बडवायला येतो, टॉम त्याच्या तोंडावर खुर्ची हाणतो. तो गडी दुखावलेल्या मुलासारखा बघतो, निघून जातो आणि आपल्याहून बुटक्या जोडीदाराला घेऊन येतो. मग जोडीदार काम उरकतो. असा मार खाणारा नायक डोक्यावर हॅट का जपतो? जुगारात हरलेली हॅट परत आणायला रात्री-अपरात्री व्हर्नाच्या दारी का जातो?

त्याचं उत्तर तो स्वतःच, न कळत, देतो. व्हर्नाला तो एक स्वप्न सांगतो: मी रानात होतो, वाऱ्यानं माझी हॅट उडाली. ती म्हणते, आणि तू तिच्यामागे धावलास, धावलास, आणि हातात आली तेव्हा ती हॅट राहिली नव्हती, काहीतरी अद्भुत झालं होतं. टॉम म्हणतो, छे, हॅटच राहिली. आणि मी धावलोही नाही. स्वतःच्या हॅटमागे धावणाऱ्या माणसाइतकं हास्यास्पद काही नाही. आपल्याला स्वप्नाचा अर्थ लावायची खोड असते, ज्योतिषापासून फ्रॉइडपर्यंत. व्हर्ना तो लावते आणि टॉम तिला तिथेच थांबवतो. कोएन बंधूंनाही हॅटचा अर्थ विचारला की ते असंच टाळतात. मी त्यांना दोष देत नाही. अर्थ सांगितला की डोकं उघडं पडतं.

या सिनेमाचं देखणेपण म्हणजे त्या हॅटची कड आहे, असं मला वाटतं. तिच्याखाली डोळे झाकले जातात. खोल्यांचा काळोख, कोटांची जाडी, जिभेवरची चपळ गुंडी बोली, हे सगळं टॉमसारख्या माणसाचं आवरण आहे. आणि सिनेमानंही तेच अंगावर घेतलंय, कारण ज्याला मन उघड करायचं नाही अशा माणसाची गोष्ट सांगताना सिनेमानं मन उघडं केलं तर ती गद्दारी होईल. झाडीत मात्र आवरण चालत नाही. ज्याला मारायचं त्याला शहरातून बाहेर या रानात आणतात, म्हणून त्या जागेचं नाव सिनेमाला आहे. ओव्हरकोट घातलेले शहरी गुंड आणि वर शांत, उंच, उदासीन झाडं, ही विसंगत प्रतिमा कोएन बंधूंना आधी सुचली आणि बाकीचं तिच्याभोवती जमलं. खाली पानांचा चिखल, वर ढगाळ उजेड. बूट तिथे कामाचे नाहीत, कोटही नाही. गोष्ट माहीत नसताना माझ्या पोटात जो गोळा आला तो याचा होता: चुकीच्या जागी आलेले कपडे.

एक अपवाद प्रसंग आहे जिथे सिनेमा हॅट काढून नाचतो. रात्र. लिओ आपल्या घरात, पलंगावर, झोपण्याच्या झग्यात सिगार ओढतोय. ग्रामोफोनवर ‘डॅनी बॉय’ हे आयरिश घराघरांतलं गाणं. खाली मारेकरी शिरलेत, एका पहारेकऱ्याला आधीच संपवलंय. जमिनीच्या फळ्यांतून धूर वर येतो. लिओ तो बघतो. घाई नाही. सिगार विझवून झग्याच्या खिशात ठेवतो, पायांत सपाता सरकवतो आणि पलंगाखाली जातो. मग जे होतं ते सांगण्यात अर्थ नाही: खिडकीतून अंगणात, तिथून वरच्या खिडकीतल्या माणसावर मशिनगन, मग रस्त्यावर पळणाऱ्या गाडीवर, चालत, एका लयीत, गाडी झाडावर आदळून पेटेपर्यंत. शेवटी खिशातून तीच सिगार काढून तोंडात. गाणं नेमकं तिथे आपल्या उंच स्वरावर पोचतं. हा योगायोग नव्हता. फ्रँक पॅटरसन या आयरिश गायकानं ते गाणं सिनेमासाठीच, संकलित दृश्यं समोर ठेवून गायलं. ठेका गोळ्यांना लावला होता की गोळ्या ठेक्याला, हे ओळखणं अवघड. आपल्या तमाशातल्या ढोलकीवाल्याला हे लगेच समजलं असतं.

लिओ झालाय अल्बर्ट फिनी. भूमिका लिहिली होती ट्रे विल्सन या नटासाठी, तो चित्रीकरणाच्या तोंडावर, जानेवारी १९८९ मध्ये, अचानक गेला. फिनी इंग्लंडचा. टॉम झालेला गेब्रिएल बर्न डब्लिनचा. आपल्या मूळ आयरिश उच्चारांत बोलू द्या, हा आग्रह त्याचाच. त्या दोघांमध्ये जे आहे, ते सिनेमाचं खरं प्रेमप्रकरण, असं माझं मत. व्हर्ना निमित्त. मार्शा गे हार्डन तिला धार देते, पण पटकथा तिला दोन पुरुषांमधला दरवाजा यापेक्षा फार काही होऊ देत नाही, आणि हे मला खटकतं. हॅमेटच्या कादंबरीत शेवटी सल्लागार बाईला घेऊन जातो, दादा एकटा राहतो. कोएन बंधूंनी ते उलटवलं: लिओ व्हर्नाशी लग्न करणार आहे आणि टॉम एकटा. इथे त्यांची नजर हॅमेटपेक्षा तिखट ठरते.

जाता जाता एक. या सिनेमाची पटकथा लिहिताना दोघं भाऊ त्या गुंत्यात इतके अडकले की ती बाजूला ठेवून त्यांनी तीनेक आठवड्यांत दुसरीच पटकथा लिहिली, पटकथा न सुचणाऱ्या एका लेखकावर. तो ‘बार्टन फिंक’. त्याला १९९१ मध्ये कानच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. म्हणजे जी गाठ सुटली नाही तिनंही पैसे परत केले. नवोदित लेखकांनी यावरून पटकथा अर्धवट सोडण्याची प्रेरणा घेऊ नये.

शेवटचा प्रसंग. बर्नीचं दफन आहे. व्हर्ना टॉमकडे न बघता गाडी घेऊन निघून जाते. लिओ आणि टॉम झाडांखाली. लिओ म्हणतो, परत ये, सगळं पूर्वीसारखं होईल, मी तुला माफ केलंय. टॉम म्हणतो, मी माफी मागितली नव्हती, आणि मला ती नकोय. मैत्री तिथे संपते. कार्टर बरवेलचं संगीत, एका जुन्या आयरिश धुनेवरून घेतलेलं, हळूच सुरू होतं. लिओ पाठ फिरवून झाडांमधून लांब, लांब जात राहतो. टॉम एका झाडाला टेकून उभा. तो हॅट डोक्यावर ठेवतो, कड पुढे ओढतो, डोळे दिसेनासे होतात. कॅमेरा जवळ जातो. तो मान वर करतो, आणि क्षणभर, त्या कडेखालून, त्याचे डोळे लिओच्या पाठीकडे बघताना दिसतात. पूर्ण सिनेमात एवढंच. बर्नी ज्याची भीक मागत होता ते त्या दोन सेकंदांत तिथे होतं, आणि बघायला आपल्याशिवाय कुणी नव्हतं.

आता तबकडीचं. त्या रात्री सिनेमा इथे संपला, श्रेयनामावली आली, आणि मित्राला डबीतली पहिली तबकडी दिसली. रात्रीचे दीड वाजले होते. कुणी झोपायला तयार नव्हतं. आम्ही ती लावली. बर्फ, व्हिस्की, कॅस्परचं नीतिशास्त्र, आणि मग नावांच्या वेळी पुन्हा तीच झाडी, रिकामी. पाचोळ्यावर एक काळी हॅट पडलेली. आत्ताच तर त्यानं ती घट्ट डोक्यावर बसवली होती, असं माझ्या शेजारचा म्हणाला. वारा आला आणि ती उठली, उलटत पालटत झाडांच्या आत निघाली, आणि तिच्यामागे कुणीच धावत नव्हतं.